वाकलेले पंख, मिटणारी तोंडं: लढाऊ विमानांविषयी वाचकांचे प्रश्न

आवडतं लढाऊ विमान कोणतं आणि ते का आवडतं, असं आम्ही गेल्या अंकात विचारलं होतं. बहुतेकांनी कारण एकाच शब्दात दिलं: देखणं. आमचं म्हणणं थोडं वेगळं आहे. लढाऊ विमानात डोळ्यांत भरणारी प्रत्येक वळणरेषा म्हणजे कुठल्या तरी अडचणीवर काढलेली वाट असते, आणि त्या वाटेची किंमत विमानात दुसरीकडे कुठे तरी मोजलेली असते. पत्रांसोबत आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून त्यांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न: स्पिटफायरचे लंबगोल पंख निव्वळ शोभेचे होते, की त्यांचा खरंच काही उपयोग होता?

शोभेची फिकीर कुणालाच नव्हती. दुसऱ्या महायुद्धातल्या या ब्रिटिश विमानाचे आरेखक आर. जे. मिचेल यांच्या चमूला पातळ पंख हवा होता, कारण वेगात पातळ पंखाला हवेचा रोध कमी होतो. पण त्याच पंखात चाकं दुमडून बसवायची होती आणि आठ मशीनगनही, प्रत्येकीच्या 300 गोळ्यांसकट. पंखाची जाडी वाढवायची नाही आणि आत जागा तर हवी, मग उपाय एकच: बुडाशी पंख रुंद ठेवायचा, ती रुंदी शक्य तितकी लांब न्यायची आणि टोकाजवळ झपकन निमुळतं व्हायचं. कागदावर ही रेघ ओढून पाहा, लंबगोलच निघतो. शिवाय पंखाच्या टोकांशी भोवरे तयार होऊन जो रोध होतो, तो या आकारात सर्वांत कमी असतो.

डोळ्यांना सहज न दिसणारी एक गोष्ट मात्र आम्हाला आकाराहूनही जास्त आवडते. हा पंख किंचित पिळलेला आहे: बुडाशी सुमारे 2 अंश वर, टोकाशी अर्धा अंश खाली. वैमानिकानं वळण फार आवळलं की आधी बुडाजवळची हवा पंख सोडते आणि सगळं विमान थरथरायला लागतं. टोकाकडचे एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या हलत्या पट्ट्या, मात्र तेव्हाही काम करत असतात. म्हणजे विमान हातातून निसटण्याआधी वैमानिकाला सांगून ठेवतं. नवशिक्यांना स्पिटफायर मायाळू वाटायचं त्याचं मोठं कारण हे.

किंमत कारखान्यानं मोजली. दोन्ही बाजूंनी वळणारा पत्रा आणि दर ठिकाणी वेगळ्या मापाची फासळी, यामुळे हे पंख बनवायला फार वेळ जायचा. आणि गोळ्या? सगळ्या बंदुका एकदम चालवल्या तर सुमारे 15 सेकंदांत खलास.

प्रश्न: नाक खाली घालताच स्पिटफायरचं इंजिन बंद पडायचं, हे खरं आहे का?

सुरुवातीच्या विमानांबाबत खरं आहे. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये तरंगता गोळा होता, जुन्या मोटरसायकलींत असतो तसाच. दांडा झटक्यात पुढे ढकलला की पेट्रोल उसळून वर जायचं, इंजिन क्षणभर उपाशी राहायचं. लगेच पुढच्या क्षणी उलटं व्हायचं: पेट्रोल गरजेपेक्षा जास्त शिरायचं आणि इंजिन गुदमरायचं. काळा धूर, ताकद गायब. जर्मन मेसरश्मिट 109 च्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जायचं, त्यामुळे त्याचा वैमानिक खुशाल नाक खाली घालून पळायचा. त्याच्या मागे जायचं तर स्पिटफायरला आधी अर्ध पालटून मग सूर मारावा लागे, आणि तेवढ्यात अंतर पडायचं.

1941 मध्ये बीट्रिस शिलिंग या अभियंतीनं यावर उतारा काढला: पेट्रोलच्या नळीत बसणारी, मधोमध नेमकं भोक असलेली धातूची छोटी चकती. भोक एवढंच, की इंजिनाला पूर्ण ताकदीवर लागतं तेवढंच पेट्रोल जाईल, थेंब जास्त नाही. विमानावरून इंजिन न उतरवता ती बसवता येई. विमान बराच वेळ उलटं उडवणं त्या चकतीनं शक्य झालं नाही, पण गुदमरणं थांबलं.

प्रश्न: मला एफ-4 फॅन्टम आवडतं, मित्र त्याला ‘वाकलेलं’ म्हणून हसतात. पंखांची टोकं वर आणि शेपूट खाली, असं का?

मित्रांची नजर बरोबर आहे, हसणं चुकीचं. चाचण्यांमध्ये दिसलं की विमान आडव्या दिशेनं पुरेसं स्थिर नाही, पंखांना वरच्या बाजूस थोडा कोन हवा. पण पूर्ण पंख उचलायचा तर मधला मजबूत भाग नव्यानं आखावा लागला असता. म्हणून फक्त दुमडणारी बाहेरची टोकं 12 अंशांनी उचलली. शेपटीचे आडवे पंख 23 अंशांनी खाली झुकवले, कारण नाक फार वर असताना मुख्य पंखांमागच्या गढूळ हवेतून त्यांना बाहेर राहता येतं.

खरा दोष वेगळाच होता. क्षेपणास्त्रांच्या भरवशावर सुरुवातीच्या फॅन्टममध्ये तोफ बसवलीच नव्हती. व्हिएतनामवरच्या झटापटींत ही उणीव बोचली आणि एफ-4ई मध्ये नाकाखाली 20 मिलिमीटरची सहा नळ्यांची तोफ आली. दुसरा दोष धूर. त्याची जे-79 इंजिनं एवढा काळा धूर सोडायची की विमान दिसण्याआधी त्याची रेघ दिसे. आफ्टरबर्नर (इंजिनाच्या मागच्या नळीत जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) पेटला की धूर जातो, म्हणून काही वैमानिक एका इंजिनाचा आफ्टरबर्नर जेमतेम पेटता ठेवत आणि दुसऱ्याची ताकद कमी करत.

प्रश्न: एफ-14 टॉमकॅटसारखे मागेपुढे सरकणारे पंख आता कुणी का बनवत नाही?

कारण तेच काम आता कमी वजनात होतं. टॉमकॅटचे पंख 20 ते 68 अंशांपर्यंत मागे जायचे, तेही उडताना संगणक वेगानुसार आपोआप ठरवायचा. पसरले की विमानवाहू जहाजावर सावकाश उतरता येई, मिटले की ध्वनीच्या दुप्पट वेग. जहाजावर उभं करताना ते 75 अंशांपर्यंत मिटत. पण सगळा भार पंखाच्या दोन बिजागऱ्यांवर! त्या पेलायला टायटॅनियमची भक्कम जोडपेटी लागली. ती जड, शिवाय देखभाल भरपूर. पुढे संगणकानं हलणाऱ्या पंखाच्या कडा आणि जोरदार इंजिनं आली, आणि स्थिर पंखातूनच सावकाश उतरणं आणि भरधाव उडणं दोन्ही बऱ्यापैकी साधू लागलं.

टॉमकॅटवर प्रेम करावं, पण सुरुवातीच्या टीएफ-30 इंजिनांसकट करावं. नाक वर आणि थ्रॉटल झटक्यात हलवला, की त्यातली हवा अडखळून एक इंजिन दम सोडे. दोन इंजिनांत अंतर बरंच, त्यामुळे चालू इंजिन विमानाला बाजूला खेचून चपट्या गिरकीत घाली. नंतरच्या एफ-110 इंजिनांनी ही डोकेदुखी संपवली.

प्रश्न: मिग-29 धावपट्टीवर असताना हवेची तोंडं बंद दिसतात. मग इंजिन श्वास कुठून घेतं?

पंखांच्या वरून. पंख नाकाकडे जिथे लांब पसरतो, तिथे वरच्या बाजूला झडपांच्या फटी आहेत. इंजिन सुरू झालं की खालची तोंडं झाकणांनी मिटतात आणि हवा या फटींतून आत येते. उड्डाणाच्या वेळी विमानानं वेग घेतला की खालची झाकणं उघडतात. हेतू एकच: पुढच्या चाकानं उडवलेले खडे पात्यांपर्यंत पोहोचू नयेत. एक खडा इंजिन निकामी करू शकतो. किंमत: फटींच्या यंत्रणेनं जी जागा खाल्ली, तिथे इंधन मावलं असतं, आणि मिग-29 कायम इंधनाला तोकडं. नंतरच्या आवृत्त्यांत तोंडात जाळी बसवून ती जागा इंधनाला दिली.

सुखोई-27 आणि हे विमान आकाशात ओळखताना गल्लत होते, असंही दोघांनी लिहिलंय. शेपटीकडे पाहा. सुखोईच्या दोन इंजिनांच्या मधून लांब गोल दांडा मागे आलेला असतो, मिगला नसतो. सुखोई सुमारे 22 मीटर लांब, मिग 17, पण एकटं विमान उंच असेल तर मापावर विसंबू नका.

प्रश्न: कपाटात 1/72 की 1/48 मापाचं मॉडेल ठेवावं?

टॉमकॅटचंच घ्या. पंख पसरून तो सुमारे 19.5 मीटर रुंद. 1/72 मध्ये 27 सेंटिमीटर, 1/48 मध्ये 41. फळीची खोली आधी मोजा. पंख मिटलेले ठेवले तर 1/72 मध्ये 16 सेंटिमीटरांत काम होतं. जेट मॉडेलांत नेहमीची चूक म्हणजे मागे बसणारं विमान. मुख्य चाकांच्या मागे वजन जास्त आणि नाक पोकळ असलं की शेपूट टेकते. धडाची दोन्ही अर्धुकं चिकटवण्याआधी ती टेपनं जोडा, पंखही टेपनं लावा, मुख्य चाकांच्या जागी दोन बोटांवर तोला आणि नाक ठामपणे खाली जाईपर्यंत शिशाचे तुकडे घाला. रंग आणि मागचे छोटे भाग नंतर वजन वाढवतात, म्हणून दोन तुकडे जास्तच. सुटे ठेवू नका, इपॉक्सीत पक्के बसवा, नाहीतर आयुष्यभर खुळखुळा वाजेल.

प्रश्न: विमानाभोवती पांढरा ढग उठतो, तो ध्वनीची भिंत फुटल्याचा ना?

नाही. आवळून वळताना पंखावरचा दाब एकदम घटतो, हवा थंड होते आणि तिच्यातलं बाष्प थेंबांत उतरतं. दमट दिवशी हे ध्वनीपेक्षा बऱ्याच कमी वेगातही होतं, कोरड्या दिवशी त्याच विमानाला काहीच दिसत नाही. म्हणून फोटो हवा असेल तर दमट सकाळ गाठा आणि विमान वरची बाजू तुमच्याकडे करून वळताना बटण दाबा. जेटसाठी शटर 1/1000 सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. स्पिटफायर आलं की मात्र ते 1/250 च्या खाली आणा, हात थरथरला तरी चालेल, कारण जलद शटरनं पंखा थिजतो आणि विमान दोऱ्यानं टांगल्यासारखं दिसतं.