गणपतीपर्यंत फणसाचं दार होईल का?

प्रश्न : मे महिन्यात परवानगी काढून परसातला जुना फणस पाडला. सॉ मिलमध्ये दीड इंची फळ्या काढून त्या ताडपत्रीत गुंडाळून ठेवल्यात. गणपतीपूर्वी माजघराला दार बसवायचंय. सुतार म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. टाळतोय का?
— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : नाही हो, तो तुमचे पैसे वाचवतोय. परवानगी काढलीत ते बरं केलंत, 1964 च्या झाडतोड कायद्याच्या यादीत फणस आहे.

मी चाळीस वर्षं रंधा मारला आणि ही चूक स्वतः केली. गणपतीच्या घाईत ओल्या फणसाचं दार केलं. श्रावणात असं चपखल बसलं, की यजमानांनी दोनदा चहा पाजला. शिमग्याला गेलो, तर फटींतून आतला देव्हारा दिसत होता आणि कुसू, म्हणजे खाचेत बसणारी लाकडाची जीभ, सांध्यात खुळखुळत होतं. दार फुकट करून दिलं. चहा त्या वेळी एकदाच मिळाला.

ओलावा 30 टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत लाकूड हलत नाही, त्याखाली गेला की आक्रसतं. तेही सगळीकडे सारखं नाही. गाभ्याकडून सालीकडे जेवढं, त्याच्या जवळपास दुप्पट खोडाच्या गोलाईत. फळी पन्हळीसारखी होते ती त्यामुळे.

ताडपत्री आजच काढा, आत बुरशी धरली असेल. फळ्या पडवीत, जमिनीपासून वीतभर वर, चिऱ्यांवर रचा. मध्ये सुक्या रिपा घाला, पण प्रत्येक रीप खालच्या रिपेच्या बरोबर डोक्यावर हवी. ती हुकली की फळीला पोक आलंच. टोकांना उरलासुरला ऑइलपेंट फासा, पाणी टोकांतून भराभर पळतं आणि चिरा तिथेच पडतात. वर चार चिरे वजनाला.

इंचाला एक वर्ष हा आमचा हिशेब. पावसात हवाच ओली, तेव्हा फळी फारशी वाळत नाही. खरं वाळणं दसरा ते शिमगा. म्हणजे पुढच्या वर्षीची दिवाळी धरा. जवळ कुठे वाळवायची भट्टी असेल तर काही आठवड्यांत काम होईल. घरी वाळवलंत तर थंडीत दर पंधरवड्याला तीच एक फळी ताणकाट्याला लावा. लागोपाठ तीनदा वजन तेच आलं, की सुताराला बोलवा.

दाराला पिवळा गाभाच वापरा. कडेचा पांढरा पट्टा कितीही रुंद असो, काढून टाका. पोखरणारा किडा तिथूनच शिरतो.

यंदा जुनंच दार जरा रंधून, बिजागऱ्यांना तेल घालून चालवा.