पुराच्या भीतीचं अर्धायुष्य आणि बारावीनंतरची वाट

प्रिय विद्यार्थिनीस,

सांगलीच्या गावभागातून आलेलं तुझं पत्र आणि सोबतची विज्ञानकथा वाचली. अकरावी सायन्सला आहेस, न्यूक्लिअर फिजिक्सची गोडी लागली आहे, कथाही लिहितेस. आणि आई म्हणते, ‘एक काय ते ठरव.’ माझं मत विचारशील तर फिजिक्स घे, कथेसाठीसुद्धा. का, ते तुझ्याच कथेवरून सांगतो.

तुझ्या कथेत २०१९ च्या महापुराची भीती किरणोत्सारी आहे. अर्धायुष्य सहा वर्षं, म्हणून बारा वर्षांनी, २०३१ साली, आजी निर्धास्त झोपते. इथे हिशेब चुकला. सहा वर्षांनी निम्मी उरते, बारा वर्षांनी पाव, अठराला आठवा हिस्सा. शिवाय हा नियम असंख्य अणूंचा आहे; एकटा अणू कधी फुटेल, हे कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा तो एकट्या आजीला लावू नकोस, गावभागातल्या हजार घरांना लाव. आयर्विन पुलाखाली पाणी चढू लागलं की २०३१ मध्येही अडीचशे घरं धान्याची पोती माळ्यावर चढवतील. त्यात आजीचं घर असेल का? हा प्रश्न नियम सोडवत नाही, तो तुला लिहायचा आहे. मला तर आत्ताच वाचायची उत्सुकता लागली आहे.

‘धरण फुटलं’ या अफवेला साखळी अभिक्रियेची उपमा मात्र चपखल बसली. युरेनियम-२३५ च्या एका विखंडनातून, म्हणजे अणुकेंद्र फुटण्यातून, दोन-तीन न्यूट्रॉन निघतात. त्यातला सरासरी एक जरी पुढचं विखंडन घडवत राहिला तरी साखळी चालू राहते. बाकीचे निसटतात किंवा शोषले जातात. ऐकून गप्प बसणारा तुझा तो किराणा दुकानदार म्हणजे अणुभट्टीतला न्यूट्रॉन शोषून घेणारा नियंत्रक दांडाच. त्याला आणखी जागा दे.

आईंना सांग, जयंत नारळीकर संशोधन करत असतानाच १९७४ साली टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत उतरले आणि पहिले आले. नोकरी सोडून लिहावं लागतं असं नाही.

आता वाट. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स पक्कं कर. ‘नेस्ट’ या प्रवेश परीक्षेतून भुवनेश्वरचं नायसर किंवा मुंबईचं सीईबीएस या विज्ञानसंस्था, दोन्हीकडे पाच वर्षांचा इंटिग्रेटेड एम.एस्सी. आहे. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेसाठी ‘आयएटी’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नाहीच जमलं तर सांगलीतच विलिंग्डन कॉलेजला बी.एस्सी., पुढे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. आणि मग भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलसाठी प्रयत्न, हाही चांगला रस्ता आहे. घरच्या जेवणावर शिकून होतो, हा आईंसाठी मुद्दा!

फॉर्म बारावीच्या वर्षातच निघतात, बोर्डाच्या धांदलीत राहून जातात. तेवढं घरात कुणाला तरी लक्ष ठेवायला सांग.