'नीवेस' या इटालियन नावाचा उगम आणि अर्थ काय? मुलीसाठी नाव कसं वाटतं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, 'एका संकेतस्थळावर अर्थ "बर्फासारखी गोरी" असा दिलाय, आम्हा दोघांना फार आवडला.' तेवढं एक वाक्य नसतं तर मी उत्तर द्यायच्या भानगडीत पडले नसते. गोरीबिरी काही नाही. माझ्या लेकीचं नाव नीवेस आहे, ती माझ्यासारखी सावळी आहे आणि हे 'गोरी' प्रकरण ऐकून माझे कान किटलेत.

लॅटिनमध्ये हिमाला 'निक्स' म्हणतात, त्याचं अनेकवचन 'नीवेस'. नाव म्हणून ते रुळलं 'हिमाची माता' या मारियेच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, रूपामुळे. आख्यायिका अशी की चौथ्या शतकात, पोप लिबेरिउसच्या काळात, रोममधल्या एका मूलबाळ नसलेल्या श्रीमंत जोडप्याच्या स्वप्नात मारिया आली. ऐन ऑगस्टच्या उकाड्यात एस्क्विलिनो टेकडीवर हिम पडलं आणि जिथे पडलं तिथे तिचं मंदिर बांधायचं ठरलं. तेच सान्ता मारिया माज्जोरे. आजही दर ५ ऑगस्टला तिथे छतातून पांढऱ्या पाकळ्या सोडतात. आपल्या गोव्यात, सासष्टीतल्या राय गावचं चर्चही याच मातेचं, आणि ५ ऑगस्टलाच तिथे कणसांचं फेस्त असतं, नव्या भाताची कणसं आशीर्वादाला आणतात. रायमध्ये हिम कुणी बघितलंय? यात कुणाच्या कातडीचा संबंध येतोच कुठे!

आमच्याकडे हे नाव नवऱ्याच्या आजीचं. उदीनेजवळचं घर, इटलीच्या त्या ईशान्य कोपऱ्यात नीवेस नावाच्या आज्या बऱ्याच भेटतात. नातवंडाला आजी-आजोबांचं नाव देणं ही तिकडचीही जुनी रीत. मला नाव ऐकताक्षणी आवडलं. नणंदेला नाही. 'म्हातारीचं नाव! शाळेत पोरं चिडवतील,' हे तिचं पालुपद. तिच्या मनात जिनेव्रा होतं.

आता गंमत बघा. बारशासाठी आई सांगलीहून आलेली, आणि तिचा हट्ट की नाव आत्याच ठेवणार. आत्या म्हणजे हीच! आईने बाटलीतल्या काबुली चण्यांच्या घुगऱ्या केल्या, दुकानात दुसरे मिळालेच नाहीत. पाळणा नव्हता, म्हणून बाळाच्या टोपलीच्या दांडीला शेवंतीची फुलं बांधली. ऑक्टोबरअखेरीस तिकडे शेवंती दफनभूमीसाठी विकायला येते, त्यामुळे सासूबाईंचा चेहरा पडला, पण बोलल्या नाहीत. घ्या गोविंद, घ्या गोपाळ झालं. नणंद कानाशी वाकली, तिने शिकवल्याप्रमाणे 'कुर्रर्र' केलं, आणि आईने नि माझ्या दोन मैत्रिणींनी तिच्या पाठीत दणादण धपाटे घातले. हा भाग तिला कुणी सांगितलाच नव्हता! ती किंचाळली, बाळ रडायला लागलं, आणि त्या गोंधळात तिने कानात नक्की कुठलं नाव सांगितलं ते तिलाच ठाऊक. परवा वाइनच्या दुसऱ्या पेल्यावर म्हणाली, 'मी जिनेव्राच म्हटलं होतं.' वर व्हिडिओ कॉलवरून मावशी, 'नाव बर्फाचं आणि पोरगी अशी?' मावशीला मी तेव्हाच फोन ठेवून उत्तर दिलं. नणंदेचं बाकी आहे.

तर म्हातारीचं नाव म्हणणाऱ्यांसाठी: नीवेस मेरोई. उदीने ज्या फ्रिउली भागात आहे, त्याच्याच डोंगराळ टोकाला, तार्विझिओकडे राहणारी गिर्यारोहक. आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरं तिने नवऱ्याबरोबर, बाटलीतला प्राणवायू न वापरता केली. २००९ मध्ये चौदा शिखरं पुरी करणारी जगातली पहिली बाई कोण, अशी शर्यत चालू असताना कांचनजंगावर नवरा आजारी पडला, तर ही शिखर सोडून त्याला घेऊन खाली उतरली. पुढे त्याच्या अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालं. दोघं परत आले आणि २०१७ च्या मे महिन्यात अन्नपूर्णेवर शेवटचं शिखर केलं. तेव्हा ती पंचावन्न वर्षांची होती. असली म्हातारी मला चालेल.

तुम्ही ठेवावं का? ठेवा की. फक्त दोन गोष्टी. गोरेपणासाठी ठेवणार असाल तर नका ठेवू, पोर उन्हात खेळून आली की घरातलं कुणी ना कुणी बोलणारच. आणि भारतात राहणार असाल तर स्पेलिंगचं बघा. इंग्रजी शाळेत बाई हजेरी घेताना सरळ 'नाइव्ह्ज' म्हणतील, म्हणजे सुऱ्या. पुण्याच्या बँकेत आमचं 'निवेश' झालं होतं, तिथे ते शोभलंही. उच्चार 'नी'वर जोर देऊन करायचा, शेवटचा 'स' पूर्ण म्हणायचा.

जिनेव्राचा विचार असेल तर तेही वाईट नाही, पण इटलीत ते गेली काही वर्षं मुलींच्या पहिल्या दहा नावांत आहे. नणंदेने स्वतःच्या मुलीला तेच ठेवलं. तिच्या वर्गात दोन जिनेव्रा आहेत, बाई आडनावाने हाका मारतात.