आनंद मानू की धास्ती घेऊ?

प्रश्न : आम्ही अहमदाबादेत मोटेऱ्याजवळ राहतो. २०३०च्या राष्ट्रकुल स्पर्धा इथे होणार म्हणून मुलं हरखली आहेत. हे म्हणतात, जागेचे भाव वाढतील. मला मात्र २०२३च्या विश्वचषक अंतिम सामन्याची गर्दी आठवते आणि धडकी भरते. काय करू?
– एक वाचक, अहमदाबाद

उत्तर : ताई, दोन्ही चालू द्या. २०१०च्या राष्ट्रकुलच्या वेळी मी दिल्लीत, लाजपतनगरला भाड्याने राहत होते. भाव वाढले की काय होतं ते भाडेकरूला विचारा! उद्घाटनाला दोन आठवडे राहिले असताना नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला, मजूर जखमी झाले. स्पर्धेच्या गाड्यांसाठी वेगळी मार्गिका, तीत घुसलात तर दोन हजार दंड. शाळांना सुट्टी, म्हणजे पोरं दिवसभर घरात. आमचा कोपऱ्यावरचा भाजीवाला हातगाडीसकट गायब झाला, ते मला अजून खुपतं.

पण त्याच स्टेडियममध्ये आपल्या नाशिकच्या कविता राऊतनं १० हजार मीटरमध्ये ब्राँझ पटकावलं, राष्ट्रकुलमध्ये ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला! टीव्हीसमोर मी इतकी ओरडले की शेजारच्या पंजाबी आंटी लाटणं घेऊनच धावत आल्या. आणि बारापुल्ल्याचा उड्डाणपूल झाला, तो आजही कामी येतो.

तेव्हा तिकिटं जरूर काढा. सोसायटीच्या सभेत मात्र आत्तापासून विचारत राहा : रहिवाशांना पास कोण देणार, रुग्णवाहिका कुठून येणार, आणि फेरीवाल्यांना कुठे बसवणार?