ट्रेलर ओढायला ४.१० गिअर हवा का?

प्रश्न: टेक्सासात माझा फोर-बाय-फोर पिकअप आहे, अ‍ॅक्सल रेशो ३.५५ (म्हणजे चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्ट ३.५५ वेळा फिरतो; आकडा मोठा तितका ओढायला जोर जास्त). टायर ३१ ऐवजी ३३ इंची टाकल्यापासून ट्रेलर जोडला की गाडी चढावर दम टाकते. ४.१० बसवू का?

उत्तर: थेट ४.१० कशाला? मोठ्या टायरमुळे तुमचा ३.५५ आता ३.३३ सारखा वागतोय (३.५५ × ३१ ÷ ३३). मूळचा जोर ३.७३ ने जवळजवळ परत येईल. ४.१० कायम जड ट्रेलर असेल तरच. एरवी हायवेवर इंजिन उगाच जास्त फिरतं. क्राउन-पिनियन (हा रेशो ठरवणारी दातेरी चाकांची जोडी) मात्र पुढचं-मागचं दोन्ही बदला. एकच बदलून कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लावलंत, तर ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सची) वाट लागलीच म्हणून समजा. बॅकलॅश (या दातांमधली फट) नीट बसवला नाही तर अ‍ॅक्सल घूं-घूं आवाज करतो. पहिले ५०० मैल ट्रेलर नको, मग अ‍ॅक्सलचं ऑइल बदला. कंपनीने दिलेली ओढण्याची मर्यादा यानं वाढत नाही.