ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करताना (म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवताना) व्होल्टेज किती वाढवावं? किती तापमान चालतं?

व्होल्टेज वाढवूच नका. उलट कमी करा.

२०१९ च्या मे महिन्यातली गोष्ट. नागपूरचं घर, माझ्या पहिल्या पगारातून घेतलेलं जीटीएक्स १०६० कार्ड, आणि सुट्टीला आलेला मावसभाऊ, आमचा दादा. आल्या आल्या त्याने आफ्टरबर्नर (कार्डाचा वेग आणि व्होल्टेज बदलायचं सॉफ्टवेअर) उघडलं आणि व्होल्टेजची पट्टी थेट शेवटापर्यंत ओढली. ‘व्होल्टेज दिल्याशिवाय क्लॉक चढत नाही रे!’ पहिल्या मिनिटाला क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, २०७६ मेगाहर्ट्झ दिसला, तो खूश. मग कार्ड तापलं आणि आकडा पायरी पायरीने उतरायला लागला: २०५०, २०२५, १९८७. ८३ अंशांवर पोचलं तेव्हा १९४९ उरले होते, पंखे नुसते किंचाळत होते. यावर त्याचा उपाय काय, तर कॅबिनेटची बाजू उघडून पीसी खोलीतल्या पाण्याच्या कूलरसमोर ठेवायचा. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ती ओली हवा थेट मदरबोर्डवर! चार दिवसांनी कार्डाच्या धातूच्या पट्टीवर स्क्रूपाशी गंजाचा तांबूस ठिपका दिसला. मला रडू यायचं बाकी होतं.

तो झोपल्यावर मी आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल-एफ दाबून कर्व्ह उघडला, म्हणजे कोणत्या व्होल्टेजला किती क्लॉक हे दाखवणारी रेघ. ०.९५० व्होल्टचा बिंदू १९११ वर नेला आणि त्यापुढची रेघ सपाट केली. तापमान ७१, पंख्यांचा आवाज निम्मा, क्लॉक तासभर जागचा हलला नाही. यात जादू काही नाही. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत खर्च होते. पट्टी शेवटाला नेली की हे कार्ड १.०९३ व्होल्टपर्यंत जातं; तिथून ०.९५० वर आलात तर त्याच क्लॉकला जवळपास चौथा हिस्सा उष्णता कमी. आणि थंड कार्ड क्लॉक सोडत नाही.

तापमानाचं म्हणाल तर पंचाहत्तरच्या आत ठेवा. मेमरीचा वेग थोडा थोडा वाढवत प्रत्येक वेळी बेंचमार्कचा (कार्डाची ताकद मोजणाऱ्या चाचणीचा) स्कोअर बघा. १०६० नंतरच्या काही कार्डांतल्या जीडीडीआर६एक्स मेमरीत चुकलेला डेटा परत पाठवला जातो, त्यामुळे स्क्रीनवर ठिपके न दिसता नुसता स्कोअर घसरू शकतो. घसरला की दोन पावलं मागे या.

आणि हो, माझे आकडे जसेच्या तसे लावू नका, एकाच मॉडेलच्या दोन चिप सारख्या नसतात. गेम बंद पडला तर व्होल्टेज एक बिंदू वर घ्या. काही लॅपटॉपवर व्होल्टेज कुलूपबंद असतं, तिथे हा व्होल्टेजचा उपाय चालणार नाही. हिवाळ्यात, एसीच्या खोलीत, स्पर्धेपुरता स्कोअर काढायचा असेल तर वाढवा थोडं. पण दादा तर मे महिन्यात, बेचाळीस अंशांत वाढवत होता!

दादा, तू हे वाचशीलच. पुण्यात तुझ्याकडेही १०६०च आहे. आज रात्री ०.९५० लावून तासभर चालव आणि तासाभरानंतरचा क्लॉक मला पाठव. पहिल्या मिनिटाचा नको.