वाचकांचे प्रश्न : सिलिकॉनमधली व्हॅली आणि स्पिन क्युबिट

प्रश्न : शुद्ध सिलिकॉन-२८ मध्ये इलेक्ट्रॉनचा स्पिन (त्याचं अंगभूत चुंबकत्व, ज्यात क्युबिटची माहिती साठवतात) बराच काळ टिकतो. मग सिलिकॉन-जर्मेनियम क्वांटम डॉटमध्ये (एकेक इलेक्ट्रॉन अडकवून ठेवणाऱ्या सूक्ष्म जागेत) ‘व्हॅली स्प्लिटिंग’ची, म्हणजे व्हॅलींच्या ऊर्जेतल्या फरकाची, एवढी काळजी का?

सिलिकॉन-२८ मुळे सुटतो तो अणुकेंद्रांच्या चुंबकत्वाचा प्रश्न. नैसर्गिक सिलिकॉनमधलं ४.७ टक्के सिलिकॉन-२९ काढता येतं. व्हॅली मात्र स्फटिकाच्या जडणघडणीतूनच आलेल्या असतात. वहनपट्ट्यात, म्हणजे मोकळ्या इलेक्ट्रॉनांना मिळणाऱ्या ऊर्जापातळ्यांत, किमान ऊर्जेच्या सहा समान जागा आहेत; त्याच या व्हॅली. सिलिकॉन-जर्मेनियमवर वाढवलेला सिलिकॉनचा थर ताणला जातो, त्यामुळे चार व्हॅली बऱ्याच वर सरकतात आणि थराला लंब दिशेतल्या दोन खाली उरतात. या दोघींच्या ऊर्जेत फरक पाडतो तो थराचा काठ, आणि तिथे जर्मेनियमचे अणू योगायोगाने कुठे बसलेत ते. म्हणून एकाच चिपवर शेजारच्या दोन डॉटमध्येही हा फरक वेगळा निघतो : कुठे २०-३०, कुठे २०० मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे.

खरी गफलत होते ती चुंबकीय क्षेत्र ठरवताना. १ टेस्लाला स्पिनच्या दोन पातळ्यांत ११६ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्टचं अंतर पडतं. व्हॅलीचा फरकही तेवढाच असला, तर स्पिन आणि व्हॅली एकमेकांत मिसळतात आणि स्पिन फार लवकर खालच्या पातळीवर घसरतो. हा ‘हॉटस्पॉट’. क्षेत्र त्याच्या बरंच खाली ठेवावं.

दुसरा फटका वाचनाला, म्हणजे स्पिन कोणत्या पातळीवर आहे ते ओळखण्याला. पाउली ब्लॉकेड या वाचनपद्धतीत ट्रिपलेट जोडी (ढोबळमानाने दोन स्पिन समांतर; एकमेकांना रद्द करणारी जोडी ती सिंगलेट) एका डॉटमध्ये मावत नाही, कारण दुसऱ्या इलेक्ट्रॉनला वरच्या व्हॅलीत जावं लागतं. म्हणजे वाचनाची खिडकी जवळपास व्हॅलीच्या फरकाएवढीच. डॉटला व्होल्टेज देणाऱ्या गेटचा लिव्हर आर्म (त्या व्होल्टेजचा किती भाग डॉटच्या ऊर्जेत उतरतो ते प्रमाण) ०.१ असेल, तर १०० मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे गेटवर जेमतेम १ मिलिव्होल्ट. फरक ३० वर आला की विद्युतभाराचा गोंगाटच ती खिडकी गिळतो.

प्रश्न : हा फरक मोजायचा कसा?

चुंबकीय क्षेत्र थराच्या पातळीतच ठेवा. लंब घटक कक्षीय पातळ्याही हलवतो. मग डॉटमधले इलेक्ट्रॉन एकावरून दोन होतात ती गेट-व्होल्टेजची रेषा चार्ज सेन्सरने (डॉटमधला विद्युतभार ओळखणाऱ्या उपकरणाने), क्षेत्र हळूहळू वाढवत टिपत जा. रेषा आधी दर टेस्लाला ५८ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्टने वर चढते, मग जोडीची सर्वांत खालची पातळी सिंगलेटऐवजी ट्रिपलेट झाली की वळते आणि त्याच उताराने खाली येते. वळणाच्या क्षेत्राला ११६ ने गुणलं की सिंगलेट-ट्रिपलेट फरक मिळतो. उतार आधीच माहीत असल्यामुळे लिव्हर आर्मही याच आलेखातून काढता येतो, ही या पद्धतीची मोठी सोय.

चुका ठरलेल्या आहेत. इलेक्ट्रॉनांमधल्या प्रतिकर्षणामुळे हा आकडा खऱ्या व्हॅली फरकापेक्षा कमी येऊ शकतो. मोजताना आसपासच्या एखाद्या विद्युतभाराने अचानक जागा बदलली तर रेषा सरकते आणि खोटं वळण दिसतं, म्हणून क्षेत्र वाढवताना आणि उतरवताना दोन्हीकडून मोजा. वळण ०.२ टेस्लाच्या आत असेल, तर इलेक्ट्रॉनांच्या तापमानामुळे ते पुसट होतं; १०० मिलिकेल्विन म्हणजेच ८.६ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट. शक्य असेल तर स्पिनचा टिकाव वेगवेगळ्या क्षेत्रांत मोजून हॉटस्पॉट शोधा. दोन्ही आकडे जुळले तरच विश्वास ठेवावा, असं आमचं मत.

आणखी एक खूण : स्पिनची अनुनाद रेषा (ज्या वारंवारतेला स्पिन उलटतो ती) काही मेगाहर्ट्झ अंतराने दुहेरी दिसली, तर इलेक्ट्रॉन अधूनमधून वरच्या व्हॅलीत असण्याची शक्यता तपासा. तिथला जी-घटक (चुंबकीय क्षेत्रात स्पिनच्या पातळ्या किती दुरावतात ते ठरवणारा आकडा) किंचित वेगळा असतो.

प्रश्न : गेटचं व्होल्टेज वाढवून फरक वाढवता येतो का?

सिलिकॉन-ऑक्साइड डॉटमध्ये बऱ्यापैकी येतो. लंब विद्युतक्षेत्राबरोबर तो जवळजवळ सरळ रेषेत वाढतो. सिलिकॉन-जर्मेनियममध्ये त्यापेक्षा बाजूच्या गेटनी डॉट काही नॅनोमीटर सरकवून पाहा, कारण त्याच्याखालचे अणू बदलतात. थरातच थोडं जर्मेनियम मिसळण्याचा उपायही आहे. त्याने सरासरी फरक वाढतो, पण विखुरणाऱ्या अणूंमुळे इलेक्ट्रॉनची गतिशीलता घटते. जर्मेनियमचं प्रमाण ०.३२ नॅनोमीटरच्या आवर्तनाने बदललं तर दोन व्हॅली थेट जोडल्या जातात, मात्र ते आवर्तन अडीच अणुथरांपेक्षाही कमी असल्याने तसा थर वाढवणं फार अवघड.